द्राक्षबागायतदार बाबांना नापा दाखवायचंय : द्राक्षमळे, समुद्र आणि सॅन फ्रान्सिस्को, पाच दिवसांचा बेत सुचवा

पिंपळगावची_लेक | ३ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी. आई-बाबा जूनपासून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्याकडे आहेत, अमेरिकेत पहिल्यांदाच. १५ ते १९ सप्टेंबर, सोमवार ते शुक्रवार, आम्हा दोघांना रजा मिळाली आहे. तोवर गणपती होऊन गेलेले असतील आणि सर्वपित्रीच्या आत घरी परतायचं ही आईची अट. २५ ला त्यांचं परतीचं विमान, कारण ऑक्टोबर छाटणी बाबा कुणावर सोपवत नाहीत.

पिंपळगाव बसवंतजवळ बाबांची साडेचार एकर बाग आहे. थॉमसन आणि थोडी शरद, दोन्ही खायच्या द्राक्षांच्या जाती. २००६ साली त्यांनी त्यातल्या दोन एकरांत कॅबरने लावली होती, वाइनची द्राक्षं. एका वायनरीशी करार होता. दोन वर्षं माल उचलला, तिसऱ्या वर्षी नको म्हणाले. तो माल खायला कुणी घेत नाही, मणी बारीक आणि बियांचे. वेलीवरच सुकला. बाबांनी ट्रॅक्टर लावून बाग उपटली. मी तेव्हा बारावीत होते. त्या बागेबद्दल बाबा घरात पुन्हा कधी बोलले नाहीत.

गेल्या आठवड्यात इथल्या एका दुकानात बाटलीवरचं नाव मी वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "कॅबरनेची जुनी वेल कशी दिसते गं? आपल्याला चौथ्या वर्षापुढची बघायला मिळाली नाही." म्हणून हा धागा.

बाबा माळकरी आहेत, वाइन चाखण्याचा प्रश्नच नाही. आईचे गुडघे दुखतात, वळणांच्या रस्त्यावर तिला गाडी लागते, पण समुद्र तिचा फार लाडका. १७ तारखेला एकादशी आहे, दोघांचा उपास. माझ्या डोक्यात नापा (वाइनच्या द्राक्षांचं खोरं), मग बिग सर (दक्षिणेकडचा डोंगराळ किनारा), जमलं तर लॉस एंजेलिस आणि येताना सॅन फ्रान्सिस्को असं आहे. गाडी आमचीच, चालवणारे आम्ही दोघं. काय काढू, काय ठेवू?


रानवाटा | ३ ऑगस्ट

ताई, लॉस एंजेलिस आणि बिग सर दोन्ही काढा. पाच दिवसांत ते बसवलंत तर आई-बाबांना गाडीच्या काचेतून कॅलिफोर्निया दिसेल. शिवाय बिग सरकडचा १ नंबरचा महामार्ग दरडी कोसळल्यामुळे २०२३ च्या जानेवारीपासून आता ऑगस्ट २०२५ पर्यंत सलग खुला झालेला नाही. सध्या माँटेरेकडून बिक्सबी पूल ओलांडून बरंच पुढे जाता येतं, पण त्याच रस्त्याने मागे फिरावं लागतं. गाडी लागणाऱ्या माणसाला ती वळणं दोनदा कशाला?

समुद्र उत्तरेलाही आहे, तोच १ नंबरचा रस्ता आहे आणि गर्दी कमी. फ्रीमाँट ते नापा साधारण ९५ किलोमीटर. नापातून सोनोमा, सांता रोझाहून बोडेगा बे ३५ किलोमीटर, तिथून किनाऱ्याने पॉइंट रेयेस स्टेशन ५०-५५, आणि मग गोल्डन गेटवरून शहरात. सगळा गोल जवळच्या जवळ फिरतो. कुठल्याही दिवशी तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवावी लागणार नाही.


जुनाप्रवासी | ४ ऑगस्ट

रानवाटांशी पूर्ण सहमत. बावीस वर्षं इथे आहे, नापाला पाहुण्यांना घेऊन कितीदा गेलो याची मोजदाद नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

नापा खोरं लांबीला जेमतेम ५० किलोमीटर. दक्षिणोत्तर दोन समांतर रस्ते. २९ नंबरचा मोठा, नावाजलेल्या बहुतेक वायनऱ्या त्यावर, आणि वाहतूक तुंबते तीही तिथेच. दुसरा पूर्वेच्या डोंगरपायथ्याने जाणारा सिल्व्हराडो ट्रेल. तुम्ही ट्रेलनेच जा. दोन्ही हातांना मळे, कडेला थांबायला जागा, वळणं अगदी सौम्य.

त्याच ट्रेलला लागून स्टॅग्स लीपचा मळा आहे. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांसमोर नावं झाकून पेले ठेवले होते. लाल वाइनमध्ये पहिली आली ती या मळ्याची १९७३ सालची कॅबरने, आणि पांढरीत शातो माँतेलेनाची शार्दने. ती वायनरीही नापाचीच, कॅलिस्टोगाची. तुमच्या बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा : स्टॅग्स लीपची ती वेल १९७० ला लावलेली होती. जिंकलेली वाइन तीन वर्षांच्या बागेची होती.

दुसरी गोष्ट शेतकऱ्यालाच कळेल अशी. १९६८ मध्ये नापा काउंटीने खोऱ्यातली शेतजमीन कृषी-राखीव केली, अमेरिकेतलं असं पहिलंच क्षेत्र. छोटे छोटे तुकडे करून घरांसाठी विकायला बंदी. सॅन फ्रान्सिस्कोपासून तास-दीड तासावर असूनही तिथे अजून द्राक्षं दिसतात याचं मोठं कारण हे आहे.

आता खर्च. चव घेण्याचे माणशी ४० ते ७५ डॉलर सर्रास लागतात, बऱ्याच ठिकाणी त्याहून जास्त, आणि वेळ आधी घ्यावी लागते. न पिणाऱ्या चौघांनी तिथे पैसे घालायचं कारण नाही. रस्त्यावरून मळे बघा, डबा खा, पुढे चला.


पिंपळगावची_लेक | ४ ऑगस्ट

जुनाप्रवासी, तीन वर्षांच्या बागेची गोष्ट बाबांना आताच वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "खुंट कोणता होता त्यांचा?"

पण रस्त्यावरून बघून त्यांचं समाधान होणार नाही हो. त्यांना बागेत शिरायचंय, ओळीतून चालायचंय, पान उलटून बघायचंय. चव न घेता मळ्यात कुणी येऊ देतं का?


द्राक्षवेडा_तासगाव | ५ ऑगस्ट

ताई, मी तासगावचा, चार एकर बाग, बेदाणा करतो. अमेरिका पाहिलेली नाही, पण वाचून आणि तिकडच्या बागायतदारांचे व्हिडिओ बघून जे कळलंय ते सांगतो, कारण काकांना काय बघावंसं वाटेल ते मला नेमकं माहीत आहे.

आपल्याकडची वेल झोपत नाही. एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला गोडी छाटणी, दोन छाटण्यांवर एक पीक, आणि वेल बारा महिने राबते. तिकडे थंडीत ती पानं टाकून गाढ झोपते. छाटणी एकदाच, हिवाळ्यात. माल ऑगस्ट ते ऑक्टोबर. म्हणजे तुम्ही जाणार तेव्हा काढणीची ऐन घाई, आणि आपल्याकडे छाटणीच्या आधीची. काकांना एकाच महिन्यात दोन्ही बघायला मिळणार.

उन्हाळ्यात तिकडे पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे डाऊनी (ओलाव्याने येणारा बुरशीरोग) नसल्यातच जमा. भुरी (पांढरी बुरशी) आहे, तिला गंधक मारतात. छाटणीनंतर अवकाळी पाऊस आला की आम्ही रात्री दोनला ब्लोअर घेऊन बागेत असतो. डाऊनीची भीती नसलेली बाग कशी दिसते, हे मला एकदा डोळ्यांनी बघायचंय.

काकांनी खुंट (ज्या मुळावर वेलीचं कलम बांधतात तो) विचारला, बरोबर विचारला. १९८० च्या दशकात नापात बऱ्याच बागा एएक्सआर-१ नावाच्या खुंटावर होत्या आणि मुळावरच्या फायलोक्झेरा किडीपुढे तो टिकला नाही. हजारो एकर नव्याने लावावं लागलं. आपल्याकडच्या बऱ्याच बागा ज्या डॉगरीजवर उभ्या आहेत, तो खुंट मूळचा टेक्सासचा. आणि थॉमसन हे नाव तर कॅलिफोर्नियातच पडलं. यूबा सिटीजवळ विल्यम थॉमसन नावाच्या माणसाने १८७० च्या दशकात ही बिनबियांची जात लावून वाढवली. जात त्याच्याही कितीतरी आधीची, तुर्कस्तानाकडची.

काकांनी शुगर मीटर आणला असेल तर बरोबर न्या. खायच्या मालाला आपण १७-१८ ब्रिक्सला (रसातल्या साखरेचं माप) काढणी करतो, तिकडे वाइनसाठी २४-२५ पर्यंत थांबतात.

एक कळकळीची विनंती. काडी आणू नका. कितीही मोह झाला तरी नको. परवानगी आणि रोगमुक्ततेचा दाखला असल्याशिवाय रोपं, काड्या भारतात आणता येत नाहीत, आणि नियम बाजूला ठेवला तरी काडीबरोबर काय येईल ते आपल्या बागांना परवडणारं नाही. तसंच इथल्या बागेत वापरलेले बूट काकांनी तिकडच्या मळ्यात घालू नयेत.


अण्णा_सोनोमा | ५ ऑगस्ट

मी सांता रोझाला राहतो. "येऊ देतं का" याचं उत्तर : देतात, पण चव घेण्याच्या खोलीतून नाही. तिथे बसलेली मुलं पाहुण्यांना पेला भरून देण्यासाठी नेमलेली असतात. तुम्ही सोनोमा खोऱ्यातल्या, स्वतः द्राक्षं पिकवणाऱ्या लहान कुटुंबांना पत्र लिहा. वाइन बनवणाऱ्यांना नको, पिकवणाऱ्यांना. काढणी चालू असेल, म्हणून भल्या सकाळी अर्धा तास मागा. बाबा पर्यटक म्हणून नाही, बागायतदार म्हणून येत आहेत हे पहिल्या ओळीत लिहा.

आणि कॅबरनेची जुनी वेल बघायची आहे म्हणता, पण त्याहून जुनं काही दाखवायचं असेल तर ग्लेन एलनच्या आसपास झिनफँडेल या वाइनच्या जातीच्या वेली बघा. १८८० च्या दशकात लावलेल्या आणि अजून फळ देणाऱ्या. मांडव नाही, तारा नाही, प्रत्येक वेल एकटी उभी, जाडजूड खोडाच्या झुडपासारखी. पुष्कळ ठिकाणी ठिबकही नाही, हिवाळ्यात मुरलेल्या पावसावर येतात. आपली बाग बारा-पंधरा वर्षांत म्हातारी होते, हे मी नाशिकच्या मेहुण्याकडून ऐकलंय.

नापातून सोनोमाला येताना ओकव्हिल ग्रेडचा घाट घेऊ नका, फार अवघड वळणं आहेत. दक्षिणेला कार्नेरोसवरून १२ नंबरने या. थोडं लांब पडेल, पण आईंना त्रास होणार नाही.

सांता रोझात ल्यूथर बरबँकची बाग चुकवू नका. बटाटा, आलुबुखार, डेझी, बिनकाट्याचं निवडुंग, आठशेच्या वर वाण या माणसाने काढले. फ्रेंच फ्राइजचा लांबडा रसेट बटाटा त्याच्याच वाणातून आलेला. १९२६ साली गेला, त्याला पुरलंय तिथेच. बागेत जायला पैसे पडत नाहीत.


निळाशार | ६ ऑगस्ट

मी जरा वेगळं सांगू? बाबांसाठी दोन दिवस द्राक्षं आणि आईंसाठी उत्तरेचा थंडगार धुक्याचा किनारा, हे वाटप मला न्याय्य वाटत नाही. माँटेरेचं मत्स्यालय न्या त्यांना. १९८४ पासूनचं आहे, समुद्री शैवालाचं अख्खं जंगल काचेमागे उभं आहे, आणि गुडघ्यांना काही त्रास नाही, बसून बघता येतं. माझ्या सासूबाई जेलीफिशपुढून तासभर हलल्या नव्हत्या.


पिंपळगावची_लेक | ६ ऑगस्ट

निळाशार, तुमचा मुद्दा मनाला लागला, म्हणून आईलाच विचारलं. तिने मत्स्यालयाचे फोटो बघितले आणि म्हणाली, "काचेमागचं पाणी नको. पाय बुडवता येतील असं दाखव." माँटेरे आम्ही एका रविवारी वेगळं करू. फ्रीमाँटहून ते एका दिवसात होतं.


सागरगोटा | ७ ऑगस्ट

पाय बुडवायचे असतील तर बोडेगा बेचा डोरान बीच. वाळूच्या लांब पट्ट्यामुळे आत लाटा शांत असतात, गाडी पार वाळूजवळ लागते, प्रवेशाचे थोडे पैसे आहेत. आईंसाठी घडीची खुर्ची न्या.

बाकी इथल्या उघड्या किनाऱ्यांवर पाण्यात शिरू देऊ नका. आपल्याला कोकणातल्या समुद्राची सवय. इथे पाणी बारा महिने गारठवणारं, तळ एकदम उतरतो, आणि अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांपेक्षा कितीतरी वर येते. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. मी हे फार गांभीर्याने लिहिते आहे.

पुढे १ नंबरने टोमालेस उपसागराच्या काठाने जाल तेव्हा बाबांना सांगा, हा लांब सरळसोट पाण्याचा पट्टा म्हणजे सॅन अँड्रियास भ्रंशावरच (भूकंप होतात त्या जमिनीतल्या मोठ्या भेगेवर) साचलेलं पाणी आहे. पॉइंट रेयेसच्या बेअर व्हॅली माहिती केंद्राशेजारी छोटी सपाट पायवाट आहे. १९०६ च्या भूकंपात एक कुंपण मधोमध तुटून काही मीटर सरकलं, ते कसं झालं ते तिथे दाखवलंय. आईंनाही जमेल.

दीपगृह १८७० चं. तीनशेच्या वर पायऱ्या उतरून जावं लागतं आणि तेवढ्याच चढून यायचं, शिवाय त्या पायऱ्या ठरावीक वारीच उघडतात. गुडघ्यांसाठी नको. वरच्या कड्यावरूनही समुद्र पुरेसा दिसतो. सप्टेंबर असला तरी स्वेटर, कानटोपी घ्या.


बेलफळ | ७ ऑगस्ट

एकादशीसाठी : १६ ला मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या घरात घ्या. साबुदाणा रात्री भिजवून सकाळी खिचडी, शिवाय भगर आणि दाण्याचं कूट घरून न्या. रताळी इथे कुठल्याही दुकानात मिळतात. राजगिऱ्याचे लाडू गाडीत ठेवा, रिकाम्या पोटी वळणांवर जास्त मळमळतं. आईंना पुढच्या सीटवर बसवा.


रानवाटा | ९ ऑगस्ट

एक राहिलं होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर हा इथे वणव्यांचा काळ. २०१७ च्या ऑक्टोबरात टब्स आगीने सांता रोझातली वस्तीच्या वस्ती जाळली, २०२० च्या सप्टेंबरअखेर ग्लास आग सेंट हेलेनाजवळ पेटली. मुक्काम असेच घ्या की आदल्या दिवशीही रद्द करता येतील. निघायच्या सकाळी हवेची गुणवत्ता आणि रस्त्यांची स्थिती दोन्ही बघा.


जुनाप्रवासी | १० ऑगस्ट

शहराबद्दल लिहायचं राहिलं होतं.

गोल्डन गेटचा टोल शहरात शिरतानाच लागतो, रोख घेत नाहीत, गाडीच्या पाटीवरून बिल येतं. पूल १९३७ चा, मधला गाळा १२८० मीटरचा. उत्तरेच्या बाजूने येताय म्हणजे मरिनकडच्या थांब्यावर आधी पूल आणि मागे शहर, असा देखावा मिळेल.

गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका. रिकामी पिशवी, चार्जरची वायरसुद्धा नको. काच फोडून नेण्याचे प्रकार फार होतात. सामान मुक्कामी टाका, मगच फिरा. उतरत्या रस्त्यावर गाडी लावताना पुढची चाकं, गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पदपथाकडे आणि चढाकडे असेल तर रस्त्याकडे, वळवून ठेवावी लागतात, नाहीतर दंड होतो. चढ एवढे आहेत की आईंना केबल कारमध्येच बसवा. १८७३ पासून हे तंत्र चालू आहे : रस्त्याखाली सतत फिरणारा दोर, आणि चालक लोखंडी पकडीने तो धरतो आणि सोडतो.

आणि एक जागा, जिथे मी प्रत्येक मराठी पाहुण्याला नेतो. ५, वुड स्ट्रीट. गदर स्मारक. १९१३ मध्ये इथल्या पंजाबी शेतमजुरांनी आणि विद्यार्थ्यांनी गदर चळवळ उभी केली. आपला तळेगाव ढमढेऱ्याचा विष्णू गणेश पिंगळे त्यातलाच. १६ नोव्हेंबर १९१५ ला लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेला. दुसरे वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. सॅन राफेलच्या लष्करी विद्यालयात त्यांनी शिक्षण घेतलं, आणि पॉइंट रेयेसहून शहरात येताना तुमची गाडी सॅन राफेलवरूनच जाईल. पुढे ते मेक्सिकोत गेले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या आणि गव्हाच्या वाणांवर काम केलं. शेतकऱ्याला ही गोष्ट सांगण्यासारखी आहे. स्मारक आतून बघायचं तर भारतीय वकिलातीला आधी विचारा.


पिंपळगावची_लेक | २४ ऑगस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. अण्णा, सात कुटुंबांना पत्रं लिहिली. दोघांचं उत्तर आलं. एकांनी काढणीमुळे जमणार नाही असं कळवलं. दुसऱ्यांनी लिहिलंय, मंगळवारी सकाळी सात वाजता या, वडिलांना बूट घालून आणा.

नवे बूट घेतले.


पिंपळगावची_लेक | २८ सप्टेंबर

आई-बाबा सुखरूप घरी पोहोचले. आता सगळं सांगते.

सोमवारी सिल्व्हराडो ट्रेलने गेलो. रुदरफर्डच्या अलीकडे बाबांनी गाडी थांबवायला लावली. ओळीच्या टोकाशी उभे राहून, हात न लावता, नुसतं वाकून पान बघितलं. कॅबरनेच्या पानाच्या खाचा एकमेकींवर येतात आणि मधे भोकं पाडल्यासारखी दिसतात, ते बघून म्हणाले, "हीच." पंधरा वर्षांनी, एका पानावरून. मण्याचा आकार बघून आईला म्हणाले, "आपलाही एवढाच होता." आई म्हणाली, "मला आठवतो."

जुनाप्रवासी, कृषी-राखीव जमिनीची गोष्ट त्यांना सगळ्यात जास्त भिडली. पिंपळगावच्या महामार्गाकडेच्या बागांचे प्लॉट पडताना त्यांनी बघितलेत. दिवसभर तेच विचारत होते : ठराव कुणी आणला, शेतकरी तयार कसे झाले, विकायचं असेल तर काय करतात.

मंगळवारी सकाळी सातला सोनोमा खोऱ्यात त्या मळ्यावर गेलो. मालक सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांचे मुकादम मेक्सिकोतल्या मिचोआकानचे. झिनफँडेलच्या जुन्या वेली. बाबांनी खोडाला वीत लावली, दोन वितींहून जास्त घेर भरला. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले आणि मी भाषांतर करत राहिले. एकरी किती निघतो? दीड-दोन टन. बाबांना वाटलं मी चुकीचं सांगते आहे, त्यांनी दोनदा विचारलं. आपल्याकडे दहा-बारा टन काढतात. मग भाव विचारला. नापातल्या कॅबरनेला टनाला सरासरी आठ हजार डॉलरच्या वर मिळतात, या झिनफँडेलला त्याहून बरेच कमी, असं मालक म्हणाले.

बाबांनी शुगर मीटर काढला. मालकांनी स्वतः मणी तोडून दिला. २४ भरले. मुकादमांनी खिशातून स्वतःचा काढला, त्यांचेही २४. दोघं एकमेकांकडे बघून हसले, तिथे भाषांतर लागलं नाही.

परत निघताना पलीकडचा एक तुकडा दिसला. घड पिकून लोंबत होते, काही सुकायला लागले होते, ओळीत माणूस नाही. बाबांनी विचारलं, याची काढणी का थांबली? मालक म्हणाले, शेजाऱ्याचं आहे, यंदा गिऱ्हाईक नाही. वाइनचा खप उतरलाय, ज्यांचे करार संपले त्यांना नवे मिळाले नाहीत, कॅलिफोर्नियात गेल्या वर्षीही बराच माल असाच वेलीवर राहिला आणि कितीतरी लोक बागा उपटताहेत.

बाबा त्या कुंपणापाशी थांबले. मग बोलायला लागले. २०१० चं सगळं. वायनरीत किती चकरा मारल्या, कुणाला भेटले, सोसायटीचं कर्ज किती होतं, ट्रॅक्टर कुणाचा आणला, पहिली वेल उपटली ती कुठल्या ओळीतली. मी घरात राहून यातलं काही ऐकलं नव्हतं. ते मराठीत बोलत होते, मी इंग्रजीत सांगत होते, आणि मधे मला थांबावं लागलं तेव्हा मालकांनी वाट बघितली. शेवटी त्यांनी विचारलं, त्या दोन एकरांत आता काय आहे? बाबा म्हणाले, "थॉमसन. सोळा वर्षं होतील." मालक म्हणाले, "मग तुम्ही टिकलात."

आम्हाला अर्धा तास दिला होता, साडेनऊला निघालो. पैसे घेतले नाहीत. आईने घरून केलेले रव्याचे लाडू दिले.

बरबँकच्या बागेत दुपार गेली. बिनकाट्याच्या निवडुंगावरून बाबांनी हात फिरवून बघितला. एकादशीला बेलफळताईंची खिचडी, आणि डोरान बीचवर आई पाऊण तास पाण्यात पाय घालून खुर्चीत बसली. पाणी बर्फासारखं होतं, मी दोन मिनिटांत बाहेर आले, ती हलली नाही. सागरगोटाताई, खुर्चीसाठी तुमचे किती आभार मानू! पॉइंट रेयेसला धुकं इतकं होतं की कड्यावरून समुद्र नुसता ऐकू आला.

सॅन राफेलवरून जाताना खानखोज्यांची गोष्ट सांगितली. बाबा म्हणाले, मुकादमांना हे सांगायला हवं होतं. मग मी मालकांना आभाराचं पत्र लिहिलं त्यात तेही लिहिलं. शहरातलं बाकी सगळं तुम्ही म्हणालात तसं. केबल कार आईला आवडली, बाबा तोवर बराच वेळ दोराच्या चाकांपाशी उभे होते. गदर स्मारक बाहेरून बघितलं, दोघांनी दारातून हात जोडले.


द्राक्षवेडा_तासगाव | २८ सप्टेंबर

ताई, सकाळपासून तीनदा वाचलं. आमच्याकडेही त्या काळात दोघा-तिघांनी वाइनची बाग लावली होती, तीही उपटलीच. काकांना माझा नमस्कार सांगा. छाटणी कधी धरताहेत?


पिंपळगावची_लेक | २९ सप्टेंबर

दादा, पाऊस उघडला तर दसऱ्यानंतर आठवडाभराने. काडी आणली नाही, तुमचा निरोप त्यांनी पाळला. वहीत मात्र झिनफँडेलच्या खोडाचं चित्र काढून नेलंय, मापासकट.


निळाशार | १ ऑक्टोबर

माझे सासरे बारामतीकडचे, ऊस आणि डाळिंब. मे महिन्यात येताहेत. तुम्ही मळ्याच्या मालकांना जे पत्र लिहिलंत ते इथे देता का? मला डाळिंबवाल्यांना लिहायचंय.


पिंपळगावची_लेक | १ ऑक्टोबर

इंग्रजीत पाठवलं होतं, मराठीत असं :

"माझे वडील भारतात नाशिक जिल्ह्यात तीस वर्षांपासून द्राक्षं पिकवतात. सप्टेंबरमध्ये ते तुमच्या भागात येत आहेत. ते वाइन पीत नाहीत, त्यामुळे चव घेण्यासाठी येणार नाहीत. त्यांना तुमच्या वेली बघायच्या आहेत आणि छाटणी, खुंट, पाणी याबद्दल चार प्रश्न विचारायचे आहेत. काढणीचे दिवस आहेत हे आम्हाला ठाऊक आहे, तुम्ही म्हणाल त्या वेळी, कितीही पहाटे येऊ. त्यांच्या बागेत वापरलेले बूट घालून येणार नाहीत, वेलीला विचारल्याशिवाय हात लावणार नाहीत. त्यांना मराठी येतं, भाषांतर मी करीन. तुम्हाला आमच्याकडच्या शेतीबद्दल काही विचारायचं असेल तर त्यांना सांगायला फार आवडेल."

बरोबर बाबांचा बागेतला एक फोटो जोडला होता, हातात कात्री असलेला.